सोवळ्यातले पाणचिरे

बनारसच्या पक्षीवाल्यांनी रामघाटावरच्या देवयानीला एक नाव ठेवलं होतं, 'बासी अपडेट'. बासी म्हणजे शिळं. आता बघा, जिच्या घरात सकाळचा भात संध्याकाळी कुणी तोंडात घालत नाही, तिलाच शिळं म्हणायचं! पण म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकत होतं? थंडी पडली की त्यांच्या मोबाइलवरच्या गटात पहाटेपासून नुसती झुंबड. राजघाटाच्या पुलाखाली चक्रवाक उतरलेत, विद्यापीठाच्या आंब्यावर कसलीशी माशीमार आलीय, धावा. दिसलं की लगेच कळवायचं, म्हणजे दुसऱ्याला स्कूटर काढून पोचता येतं, हा गटाचा पहिला नियम. आणि देवयानीची खबर यायची ती दुपारची जेवणं उरकल्यावर. "आज सुबह उस पार रेती पर..." तोवर पक्षी कुठल्या कुठे! फोटो तर कधीच नाही. मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकायचं आणि खाली लिहायचं, "भाभी का बासी अपडेट आ गया।"

ती हसल्याचं चित्र टाकायची. मनात झोंबायचं, फार झोंबायचं.

झोंबणार नाही तर काय? सकाळी सातला पक्षी दिसायचे ते तिलाच, आणि तिलाच ते सांगता यायचे नाहीत. तिचा नवरा बिंदुमाधव पुरोहित. महाराष्ट्रातून काशीला येणारी मंडळी त्यांच्याच घरात खालच्या मजल्यांवर उतरायची, घाटावर तीर्थश्राद्ध करायची, आणि दुपारी वर येऊन जेवायची. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला. म्हणजे देवयानीनं पहाटे आंघोळ करून, कुणी न शिवलेलं लुगडं नेसून, वरून धाबळी गुंडाळून चौथ्या मजल्यावर चढायचं, ते पानं उठेपर्यंत खाली उतरायचं नाही. कुणाला शिवायचं नाही. मोबाइल ओवळा, कारण तो कुठं कुठं फिरून आलेला असतो ते न विचारलेलंच बरं. दुर्बीण ओवळी, तिचा पट्टा चामड्याचा.

आणि स्वयंपाकघर कुठं? धूर वरच्या वर जावा म्हणून थेट गच्चीला लागून. चुलीसमोर ही एवढी थोरली खिडकी. खिडकीत सगळी गंगा, समोरची रेती, खाली पंचगंगेपर्यंतचे घाट. येणारे यजमान म्हणायचे, "वहिनी, काय भाग्य हो तुमचं, स्वयंपाक करता करता गंगादर्शन!" ती म्हणायची, हो ना. मनात म्हणायची, या, बसा एकदा इथं पंचवीस वर्षं. ती कोंडली गेली होती, आणि खिडकी इतकी मोठी की बाई कोंडलीय असं कुणाच्या लक्षातच येत नव्हतं.

पक्ष्यांचा नाद तिला लागला तो त्या खिडकीपायी. लागायला दुसरं होतंच काय तिथं? मुलगा ऋतुराज नोकरीसाठी बंगळूरला गेला, जाताना आपली जुनी दुर्बीण मागे ठेवून गेला. मग दुपारी सोवळं सोडलं की ती गच्चीत दुर्बीण डोळ्याला लावून उभी राही. एकदा साइबेरियनांचे फोटो काढायला हिमानी गच्चीवर आली. कार्तिकात येतात त्या पांढऱ्या कुरवांना इथं सगळे साइबेरियनच म्हणतात. त्या कुठून येतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. हिमानी बँकेत नोकरीला, दुर्गाघाटावरच्या मराठी घरातलीच; पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत देणार. गट तिनंच काढलेला. तिनं देवयानीलाही त्यात घेतलं.

देवयानी काही मोठी जाणकार होती असं समजू नका. एकदा तिनं मोठ्या झोकात कळवलं की रेतीवर सकाळपासून एक पांढरा करकोचा एका जागी बसून आहे. दोघं जण नाव करून बिचारे गेले. तर तो पांढरी शाल पांघरून सकाळच्या कामाला बसलेला एक माणूस! गट आठवडाभर हसत होता. पण हिमानीनं तिची बाजू घेतली होती. म्हणाली, "इतनी ऊपर से, बिना दूरबीन के, आप लोग पहचान के दिखाइए।"

या जानेवारीत मात्र वेगळंच झालं. खिचडीचा सण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन चार-पाच दिवस गेले असतील. देवयानी डाळ रगडत होती आणि सहज नजर बाहेर गेली. पाण्याला अगदी लगटून पक्ष्यांची एक रांग चालली होती. पाठ काळी, पोट पांढरं, आणि चोची पाण्यात बुडवलेल्या. चोचीनं पाणी चिरत, सरळ, शिंप्यानं कात्री चालवावी तशी. ती डाळ रगडायचीच विसरली. पाणचिरे! चित्रात पाहिलेले. गटात गेली दोन-तीन वर्षं कुणालाही न दिसलेले. ते उडत उडत पंचगंगेच्या समोर, रेतीचा उंचवटा आहे त्याच्या मागे जाऊन बसले.

दुपारी तिनं कळवलं. या खेपेला कुणी हसलं नाही. पण विश्वासही कुणी ठेवला नाही. "फोटो?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं लिहिलं, "शाल वाले बाबा तो नहीं?"

संध्याकाळी हिमानी स्वतः घरी आली. "भाभी, इस इतवार गिनती है। सुबह छह बजे पंचगंगा से नाव निकलेगी। इस बार आपको लिए बिना नहीं जाऊँगी। जगह आपने देखी है, आप ही दिखाइए।"

पाणपक्ष्यांची ती गणती दर थंडीत व्हायची, आणि दर थंडीत देवयानी फक्त तिचे फोटो पाहायची. नाव, गळ्यात दुर्बिणी, चहाचा थर्मास, आणि पहाटेची ओली रेती. उसपार, म्हणजे समोरच्या रेतीवर, ती गेली नव्हती असं नाही. पाहुण्यांना घेऊन गेली होती, भर दुपारी. तिथं घोडेवाले, उंटवाले आणि फुगेवाले. पण थंडीतल्या पहाटेला, पक्षी जागेवर असताना, त्या रेतीवर ती एकदाही उभी राहिली नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. साडी नको, यात्रा नको. एक सकाळ हवी होती.

तिनं नवऱ्याला विचारलं. बिंदुमाधव माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, पानात पडेल ते खातो. त्यानं डोकं खाजवलं, आठवून पाहिलं. "रविवारी? रविवारी कुणी नाही. वाईचे रत्नाकरपंत शनिवारी येतायत, पण त्यांचं श्राद्ध सोमवारी. जा तू."

"नक्की?"

"अगं नक्की म्हणजे काय! जा म्हटलं ना."

चार दिवस ती हवेत होती. बाजारातून कानटोपी आणली. सतरा ठिकाणी फिरून बुटांचा एक जोड आणला. आमसुलाची चटणी वाटताना गुणगुणायला लागली, तेव्हा बिंदुमाधव म्हणाला, "काय गं, माहेरी निघालीस की काय?"

रविवारी पहाटे ती टोपी-बूट चढवून, मोबाइल हातात घेऊन, कुहरा, म्हणजे धुकं, किती आहे ते पाहायला वर गच्चीत गेली. काही दिसत नव्हतं, पण पूर्वेकडे उजळायला लागलं होतं. उठेल, कुहरा उठेल, असं ती स्वतःलाच सांगत होती. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बिंदुमाधव. हातात पंचांग.

"देवयानी," तो म्हणाला आणि पंचांगाची पानं उलटू लागला.

तिला कळलं. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं असं पानं उलटणं कळतंच. "काय झालं ते बोला."

"चुकलं माझं. रोजच्यासारखं संकल्पाला पंचांग उघडलं तेव्हा दिसलं. तिथी आज सकाळीच लागतेय, उद्या पहाटे संपतेय. श्राद्धाला दुपारची तिथी लागते. म्हणजे त्यांचं श्राद्ध आजच."

"तुम्ही पुरोहित ना हो?" ती म्हणाली. "सगळ्या महाराष्ट्राला मुहूर्त सांगता ना? मग माझीच सकाळ बरी चुकते तुमची!"

"अगं, मुलाचं श्राद्ध आहे म्हाताऱ्याचं. तरणाताठा मुलगा गेला. आता त्यांना काय सांगू, तिथी चुकवा?"

हाच तर वांधा होता. दर वेळी समोर कुणीतरी असं उभं राहायचं की नाही म्हणणारा राक्षस ठरावा. तिनं टोपी काढली, बूट काढले. हातातला मोबाइल चुलीच्या खिडकीशेजारच्या कोनाड्यात टाकला, तो तिथंच राहिला. आंघोळीला जाताना तिनं हिमानीला कळवलंसुद्धा नाही. काय कळवायचं?

चूल पेटली. खिरीचे तांदूळ, गवार, भोपळा, कढी, चटणी. हात आपले चालत होते, हातांना सगळं पाठ. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं नव्हतं, कारण गॅस येऊन दहा वर्षं झाली होती. वड्यांचं पीठ मळून झालं आणि कुहरा उठला.

पंचगंगेसमोर, रेतीच्या उंचवट्यापलीकडे, तिला ते दिसले. तीसेक तरी असतील. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले, चोचींच्या जागी नुसते लाल ठिपके. इतक्या उंचीवरून उंचवट्याच्या पलीकडचं सगळं दिसत होतं. पाण्यावरून मात्र ते दिसणं शक्य नव्हतं.

आणि नाव? कुहऱ्यापायी खोळंबलेली नाव निघाली ती भलतीकडेच; पंचगंगेसमोरची रेती पाण्यावरून रिकामीच दिसली असणार. वर, दशाश्वमेधाच्या दिशेनं. कोनाड्यात मोबाइल थरथरला. पडद्यावर हिमानीचं नाव. देवयानी दोन हात अंतरावर उभी. हाताला पीठ, अंगावर सोवळं. मोबाइल थरथरून थांबला. पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. मग नाही वाजला.

ती वडे थापू लागली. नाव बराच वेळ वरच्या बाजूला घुटमळली, रेतीला लागली, माणसं उतरली, इकडं तिकडं पाहून परत चढली. मग नाव वळली आणि घाटाकडं परत यायला लागली. झालं. आता लिहितील, भाभीचे पाणचिरे म्हणजे शालवाल्या बाबाचे भाऊ. देवयानीला वाटलं, आपण ओरडावं. चौथ्या मजल्यावरून ओरडलं तर गंगेवर ऐकू जाईल का? वेडीच झाली होती ती. मग तिनं पदराला हात पुसला, कोनाड्यात घातला आणि मोबाइल उचलला.

"हिमानी, नाव वळव. खाली घे, पंचगंगेच्या समोर. उंचवटा दिसतो का? त्याच्या पलीकडं. अगं डावीकडं नाही, उजवीकडं! हां. आता मोटर बंद करायला सांग, वल्ह्यानं जा. जा, जा. आता उतरा. वाकून चला."

पलीकडून ओल्या रेतीत पावलं रुतल्याचा आवाज. मग हिमानीचं कुजबुजणं. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत. "वहिनी... आहेत. आहेत हो. खूप आहेत."

देवयानी खिडकीशी उभी राहून रडली. मघाचं रडणं वेगळं होतं, हे वेगळं. तेवढ्यात पक्षी उठले. सगळे एकदम. उजेडात वळले, पाण्यावर उतरले, आणि पाणी चिरत तिच्या खिडकीच्या समोरून गेले. खाली रेतीवर माणसं हात हलवत होती. तिच्याकडं बघून हलवत होती.

मोबाइल कोनाड्यात ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं. सोवळं मोडलं. नियमानं आता पुन्हा आंघोळ, नवं लुगडं, आणि सगळा स्वयंपाक पहिल्यापासून. पण खाली घाटावरून मंडळी परतायची वेळ झाली होती. ती थोडा वेळ कढईकडं पाहत राहिली. मग एक वडा तेलात सोडला. आभाळ कोसळलं नाही. वडा नेहमीसारखाच फुगला.

पानं वाढली गेली. ब्राह्मण जेवले, मग घरची मंडळी. रत्नाकरपंत पंचाहत्तरीचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, वाळून काटकी झालेले. वडा मोडून तोंडात घातला आणि त्यांचा घासच थांबला.

"वहिनी," ते म्हणाले, "प्रसन्नला असेच वडे आवडायचे. त्याची आई करायची तसेच. वर्षभर मला वाटत होतं, पोर उपाशी गेलं. आज पोचलं त्याला." आणि सगळ्यांसमोर ते ओक्साबोक्शी रडले. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "हे सोवळ्याचं बळ आहे हो. असं सोवळं आता आमच्याकडं सुद्धा उरलं नाही. साक्षात अन्नपूर्णा आहात. भटजी, पुढल्या वर्षी याच तिथीला सगळं कुटुंब घेऊन येतो. स्वयंपाक मात्र वहिनींच्या हातचाच."

"अवश्य, अवश्य," बिंदुमाधव म्हणाला. देवयानी ताक वाढत होती. ती पुढच्या पानाकडं सरकली.

पानं उठली, खाली सगळे आडवे झाले. बिंदुमाधव वर येऊन पाटावर बसला. ती खरकटं काढत होती. तिच्यानं राहवेना.

"अहो, मला सांगायचंय काही. मी मधे मोबाइलला हात लावला."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"जिन्यात होतो मी. मंडळींच्या पुढं निघून, पानं मांडू का विचारायला येत होतो. ऐकलं सगळं. उजवीकडं, डावीकडं."

"ऐकलंत? आणि तसंच वाढू दिलंत?"

"मग काय करणार? माणसं घाटावरून निघाली होती. वाढायची वेळ झाली होती."

"पंचवीस वर्षं!" ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी या खिडकीत भुतासारखी उभी आहे. बाप आजारी होता तेव्हा दुपारपर्यंत फोन उचलला नाही मी. आणि तुमची वेळ झाली म्हणून सोवळं चालतं?"

"हळू बोल. आपलं घर या सोवळ्याच्या नावावर चालतं, देवयानी. रामघाटावर दुसरी घरं काय थोडी आहेत? बोभाटा झाला तर उद्यापासून एक यजमान फिरकणार नाही."

"होऊ दे बोभाटा. मीच सांगते. आत्ता खाली जाऊन रत्नाकरपंतांना सांगते, की स्वयंपाक ओवळा होता. एकदाचं होऊन जाऊ दे."

ती खरंच निघाली. ताडताड जिन्यापर्यंत गेली. खालून रत्नाकरपंतांचा आवाज येत होता. बायकोला सांगत होते, "तू आता रोज रडायचं नाहीस हं. पोट भरलंय आज त्याचं. मला आतून कळलं."

देवयानी पायरीवर उभी राहिली. मागून कुणी तिला अडवायला येईल म्हणून तिनं वळून पाहिलं. बिंदुमाधव पाटावरून उठलाही नव्हता. सुपारी कातरत बसला होता. ती काय करेल, ते त्याला तिच्याआधी ठाऊक होतं.

ती परत आली. "यापुढं मोबाइल वर राहील," ती म्हणाली. "चुलीपाशी. मी बोलेन, आणि तुम्ही ऐकलंत तरी ऐकलं नाही म्हणायचं."

"ठेव की," तो म्हणाला. पटकन म्हणाला. दुर्बीण पण ठेव, म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला, की तिला भरून पावायच्या ऐवजी गारच वाटलं. म्हणजे सोवळ्याचं कुलूप कधी नव्हतंच. सोवळं त्यानं एका सुपारीच्या खांडात देऊन टाकलं. तिला अडकवून ठेवलं होतं ते चुलीनं, आणि चुलीपासून काही तो तिला सोडणार नव्हता. तिथं उभं करायला त्याच्याकडं दुसरं कोण होतं?

मोबाइलवर फोटो येत होते, एकामागून एक. पाणचिरे उडताना, पाणचिरे बसलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "भाभी ज़िंदाबाद।" हिमानीचा निरोप वेगळा होता. पुढच्या रविवारी पुन्हा नाव काढतोय, या वेळी फक्त तुमच्यासाठी, टोपी घालून या.

देवयानीनं तो निरोप दोनदा वाचला. मग मोबाइल पालथा ठेवला, डाळीचा डबा पुढं ओढला आणि नवऱ्याला विचारलं,

"पुढल्या रविवारी कोण आहे?"

"सांगलीची मंडळी."

"किती पानं?"